दुसऱ्या दिवसाचं जेवण

कोल्हापूरच्या जेवणावर आजवर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक पहिल्या दिवसाचं आहे. ताजं मटण, नुकती उकळी आलेला तांबडा, वाटीत वाफाळणारा पांढरा, तव्यावरून थेट ताटात पडलेली भाकरी. पाहुणा हेच जेवून जातो आणि आपल्या गावी जाऊन हेच सांगतो. घर मात्र पहिल्या दिवसावर चालत नसतं. पाहुणे गेल्यावर पातेल्याच्या तळाशी दोन वाट्या रस्सा असतो, बुट्टीत चार भाकऱ्या असतात, भाताच्या भांड्याला कडेनं मूठ-दोन मूठ भात चिकटलेला असतो, आणि सकाळ झाली की घरातल्या सगळ्यांना पुन्हा भूक लागते. हे पुस्तक त्या सकाळच्या जेवणाचं आहे.

शिवाजी पेठेतल्या बायकांनी आपापल्या घरी उरल्यासुरल्याचं काय होतं ते सांगितलं. काहींनी लिहून दिलं, काहींनी समोर करून दाखवलं, आणि त्यातून हा संग्रह उभा राहिला. निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा, उभा मारुती, फिरंगाई, साकोली कॉर्नर, आणि जिथं एके काळी वरुणतीर्थाचं तळं होतं ते गांधी मैदान, एवढ्या टापूतली ही घरं. काही जुनी, लाकडी माडीची, काही आता अपार्टमेंट झालेली. मी याच पेठेत वाढले, म्हणून प्रस्तावना लिहायला सांगितल्यावर लगेच हो म्हटलं. हस्तलिखित वाचताना मात्र लक्षात आलं, की नुसत्या पाककृतींची ओळख करून देऊन भागणार नाही. शिळं अन्न हा विषय दिसतो तेवढा साधा नाही. त्यात माया आहे, हिशेब आहे, आणि बराच अन्यायही आहे.

आधी एक समज दूर करायला हवा. अन्न उरतं ते बाईचा अंदाज चुकतो म्हणून, असं सर्रास बोललं जातं. पेठेतल्या घरांत ते मुद्दाम उरवलं जातं. तालमीतून येणारा मुलगा एकटा येईल की तीन मित्रांना घेऊन येईल, हे कुणाला ठाऊक नसतं. फुटबॉलचा हंगाम असला, खंडोबा किंवा शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली, तर संध्याकाळी घरात किती पोरं जेवतील याचा नेम नाही. गावाकडून भाचा दवाखान्याच्या कामासाठी येतो, एसटी चुकते, मुक्काम पडतो. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही ही इथली रीत, म्हणून दोन भाकऱ्या जादा थापायच्या आणि कालवणात एक तांब्या पाणी जादा ओतायचं. कुणी आलं तर सोय झाली. नाही आलं तर ते दुसऱ्या दिवशीचं. आमच्याकडचं शिळं हे आदरातिथ्याच्या तयारीतून उरलेलं असतं, आणि ते टाकून देणं म्हणजे त्या तयारीचाच अपमान, असं मला वाटतं.

पूर्वी टाकायचं म्हटलं तरी फारसं काही वाया जात नसे. पेठेत गोठे होते. भाताची पेज, डाळीचं धुवण, विटायला आलेली आमटी, भाजीची देठं, सगळं म्हशीच्या आंबोणात जायचं आणि संध्याकाळी दूध होऊन परत यायचं. म्हशी शहराबाहेर गेल्या आणि ही साखळी तुटली. आता उरलेलं एक तर माणसाच्या पोटात जातं, नाही तर घंटागाडीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ मध्ये अन्नाच्या नासाडीचा अहवाल काढला. त्यात २०२२ या एका वर्षात जगभर १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज दिला आहे, आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा आहे, हॉटेलांचा आणि दुकानांचा नव्हे. भारतातल्या घरांसाठी हा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. आठवड्याला एक किलोहून जास्त. चौघांच्या घरात आठवड्याला चार किलो अन्न टाकलं जातं, असं चित्र डोळ्यांसमोर आणलं की पोटात कालवतं.

आता मटणाकडे येते, कारण त्याशिवाय कोल्हापूरचा कुठलाच विषय पुढं सरकत नाही. बाहेरच्यांना आमचं मटणाचं ताट उधळपट्टीचं वाटतं. नीट बघितलं तर त्याच्या मुळाशी काटकसर आहे. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवलं, की त्याचं जे पाणी सुटतं ते अळणी. त्यातलं थोडं लहान मुलांना आणि आजारी माणसाला तसंच प्यायला. थोड्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस पडली की पांढरा. उरलेल्यात भाजलेलं सुकं खोबरं, कांदा आणि घरची चटणी पडली की तांबडा. फोडी तेवढ्या सुक्याला. एका पातेल्यातून चार पदार्थ निघतात आणि अर्धा किलो मटणात आठ माणसं भाकरी-भात खाऊन तृप्त होतात. ज्या गावात मटणाचे दर वाढले म्हणून २०१९ च्या अखेरीला आंदोलन उभं राहिलं, त्या गावाला मटणाच्या प्रत्येक थेंबाची किंमत माहीत आहे.

रविवारी मटण झालं की सोमवारी सकाळी काय होतं, हे या पुस्तकाचं दुसरं प्रकरण सांगतं. पांढरा रात्रीच संपवायचा. नारळाचं दूध टिकत नाही, दुसऱ्या दिवशी ते फाटतं आणि आंबूस लागतं, त्यामुळे तो ठेवण्याच्या भानगडीत पडायचं नाही. तांबडा मात्र मुरतो. सकाळी पातेल्यावरचं झाकण काढलं की वर लालभडक तवंग गोठून बसलेला असतो, आणि चमचा घातला की त्याखाली हाडांचा अर्क उतरलेला घट्ट रस्सा. तवंग अर्धा काढून ठेवायचा, तो पुढं फोडणीला येतो. खालचा रस्सा पाणी न घालता मंद आचेवर सैल करायचा, चांगली उकळी आणायची आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवायचं. उकडलेली अंडी चिरून सोडतात. मोड आलेली मटकी घालून शिजवतात, म्हणजे दोन वाट्यांचं पातेलंभर होतं. सगळ्यांत जुनी पद्धत म्हणजे शिळी भाकरी ताटात चुरून, मधे आळं करून त्यात कढत रस्सा ओतायचा आणि झाकून पाच मिनिटं थांबायचं. आषाढात पेठेतल्या तालमी पी-ढबाक वाद्यांच्या तालावर नवं पाणी घेऊन टेंबलाईला, म्हणजेच त्र्यंबोलीला, जातात, यात्रा होते, घरोघरी मटण होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेर पावसाची झड असताना हे चुरलेलं ताट समोर येतं. मला विचाराल तर यात्रेचं खरं जेवण तेच.

शाकाहारी बाजूला हीच अक्कल येळवण्यात दिसते. बेंदूर असो, होळी असो, पाडवा असो, पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की तिचं पाणी निथळून घ्यायचं. ते येळवणी. त्यात मूठभर पुरण कालवायचं, खोबरं-जिरं-धणे भाजून वाटायचे, चटणी, चिंच, कढीपत्ता, वरून फोडणी. तिखट, आंबट आणि किंचित गोड अशी ही आमटी सणाच्या ताटात असतेच, पण तिची खरी चव दुसऱ्या दिवशी लागते. पोळ्या संपलेल्या असतात, पाहुणे गेलेले असतात, आणि घरची माणसं गरम भातावर ती आमटी ओतून भुरके मारतात. डाळीचं पाणी मोरीत ओतणाऱ्या नव्या घरांना हे पान उघडून दाखवावंसं वाटतं.

भाकरीचं प्रकरण पहिलं आहे आणि सर्वांत मोठंही. ते तसंच असायला हवं होतं.

इकडं भाकरी शाळूची. शाळूच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ती उकळत्या पाण्यात मळावी लागते, म्हणून ती थापावी लागते, आणि म्हणूनच शिळी झाल्यावर ती चपातीसारखी वातड न होता ठिसूळ होते. चपाती दुसऱ्या दिवशी ओढावी लागते, भाकरी हातानं मोडते. या एका फरकावर फोडणीची भाकरी उभी आहे. आमच्या घरी तिला कुस्करा म्हणतात. पेठेतल्या एका आज्जींनी तो करून दाखवला, तो असा. रात्रीच्या तीन भाकऱ्या फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवलेल्या होत्या. त्यांनी आधी वरचा पापुद्रा सोडवून बाजूला ठेवला, कारण तो लवकर करपतो. खालचा भाग हातानं मोडला, शेंगदाण्याएवढे तुकडे केले. फार बारीक केला तर ताक लागताच लगदा होतो, फार मोठा ठेवला तर फोडणी आतपर्यंत जात नाही. मग त्यावर ताकाचे हबके मारले, पाच बोटांनी वरखाली केलं आणि पापुद्रा चुरून वरून पसरला. दहा मिनिटं तसंच ठेवलं. तोवर कढईत तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. कांदा कडेनं तांबूस होईपर्यंत हलवला. हळद, अर्धा चमचा चटणी, आणि चटणी जळायच्या आत भाकरी आत. दोनदा उलथनं फिरवलं, आच बारीक केली, वर ताटली ठेवली आणि ताटलीत पाणी ओतलं. त्या पाण्याला बुडबुडे येऊ लागले की खाली भाकरीला वाफ पुरली. मग शेंगदाण्याचं कूट, कोथिंबीर आणि लिंबू.

यातली प्रत्येक कृती कारण असलेली आहे. शिजलेल्या पिठातला स्टार्च गार होताना पुन्हा आवळून बसतो आणि आतलं पाणी सोडतो. त्यालाच आपण शिळं होणं म्हणतो. त्याला ओलावा आणि साधारण साठ अंशांच्या वरची उष्णता मिळाली की तो परत सैल होतो. म्हणून शिळी भाकरी कोरड्या तव्यावर टाकली तर कडक होते आणि झाकणाखालच्या वाफेत मऊ होते. ताकाचा हबका, दहा मिनिटांचं थांबणं, झाकणावरचं पाणी, सगळं त्यासाठी. आणखी एक गोष्ट हल्लीच्या घरांनी ध्यानात घ्यावी. हा स्टार्च सर्वांत जलद आवळतो तो फ्रिजच्या गारव्यात. सकाळी खायची भाकरी किंवा चपाती फ्रिजमध्ये ठेवली तर बाहेर ठेवलेल्यापेक्षा ती लवकर शिळी होते. आज्जींच्या बुट्टीतलं कोरडं फडकं एका रात्रीपुरतं फ्रिजपेक्षा चांगलं काम करतं.

कुस्कऱ्याला जोड काय, यावर पेठेत एकमत नाही. कुणी दही म्हणतं, कुणी कच्चा कांदा आणि खर्डा. माझं मत खर्ड्याकडे. गांधी मैदानावरून खेळून आलेल्या पोरांना संध्याकाळी सहाला हे ताट दिलं तर बिस्किटाच्या पुड्याची आठवण होत नाही, एवढं मी खात्रीनं सांगते.

चपातीची गोष्ट वेगळी आहे, तिला बारीक करावंच लागतं. हातानं फाडून किंवा मिक्सरमधून एक फेरा देऊन तिचा चिवडा होतो, आणि गूळ-तूप घालून गरम गरम चुरली की मलिदा. कोल्हापूरचा गूळ हाताशी असताना मलिद्याला साखर घालणाऱ्यांशी माझं पटत नाही. भाताचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक असलेल्या फोडणीच्या भातापासून सुरू होतं. पण त्यातले भाताचे वडे आवर्जून करून बघावेत. भात हातानं चांगला मळायचा, त्यात बेसन, कांदा, ओवा, हिरवी मिरची, आणि तेल चांगलं तापलेलं हवं, नाही तर वडा तेल पितो. उन्हाळ्यात उरलेल्या भाताचे सांडगे घालायची चाल अजून काही गच्च्यांवर टिकून आहे. पिठलं दुसऱ्या दिवशी घट्ट होतं, तेव्हा त्याच्या वड्या कापून तव्यावर खरपूस परतायच्या. इथं मी भरभर पुढं जाते, कारण ही प्रकरणं वाचकाला स्वतःच उलगडतील.

हे शहाणपण आपलंच आहे असं मानायचं कारण नाही. मेक्सिकोत मक्याच्या शिळ्या टॉर्टिया तळून, तिखट सॉसमध्ये भिजवून चिलाकिलेस करतात. आपला रस्सा-भाकरीचा चुरा आणि ते, यांत काही फरक असलाच तर तो मिरचीच्या जातीचा. इटलीच्या टस्कनी भागातलं रिबोलिता हे सूप भाज्या, घेवडा आणि शिळा पाव यांचं, आणि ते दुसऱ्यांदा उकळल्याशिवाय पूर्ण होत नाही. ओडिशात शिजलेला भात पाण्यात ठेवून आंबवलेली पखाळ पुरीच्या जगन्नाथालाही चालते, आणि तिथली माणसं २० मार्चला पखाळ दिवस साजरा करतात. जिथं जिथं धान्य घामानं पिकतं, तिथं ते दुसऱ्या दिवशी खाण्याची रीतही पिकते. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून घराघरांत आहेत. ताटात भाकरीचा तुकडा राहिला तर ती का अस्वस्थ होतात, हे नातवंडांनी त्यांना एकदा विचारावं.

आता या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग. शिळं कुणाच्या ताटात जातं?

माझी आई सगळ्यांना वाढून झालं की कट्ट्यापाशी उभी राहून म्हणायची, “तुम्ही गरम खावा, मी हे संपवतो.” हे म्हणजे कालची भाकरी, कालची भाजी, पातेल्याला लागलेलं कालवण. तिच्या सासूनं तेच केलं होतं. पेठेतल्या ज्या ज्या घरात हा विषय निघाला, तिथं हेच वाक्य थोड्याफार फरकानं ऐकू आलं. ताजं सगळ्यांना आणि शिळं एकीला, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कुणी वाटणी म्हणतसुद्धा नाही. तिला कष्टाळूपणा म्हणतात, संसारी वृत्ती म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. याची कारणं पुष्कळ आहेत. पण सर्वांच्या शेवटी, उभ्या उभ्या, जे उरेल ते खाऊन दिवस काढणं हे त्यातलं एक आहे, आणि ते आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत घडतं.

म्हणून या पुस्तकाच्या संकलकांनी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. प्रत्येक पाककृती घरातल्या सगळ्यांना पुरेल अशीच द्यायची. उरलेलं वाटीभर असलं तरी त्याचं सगळ्यांचं जेवण करायचं. यातच खरी करामत आहे. एक वाटी आमटी एकीनं संपवण्याऐवजी ती पाणी, चिंच-गूळ घालून वाढवायची, रात्रीच्या उरलेल्या कणकेची चपाती लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे त्यात सोडायचे, वरून लसणाची झणझणीत फोडणी द्यायची, आणि चकोल्यांचं पातेलं मधोमध ठेवून सगळ्यांनी एकत्र बसायचं. अर्धी वाटी सुकी भाजी धपाट्यात गेली की सहा धपाटी होतात. उरलेल्याला थोडं ताजं जोडलं की त्याचं नवं जेवण होतं, आणि नवं जेवण झालं की ते कुणा एकीच्या माथी मारता येत नाही. सगळ्या घरानं कुस्करा खाल्ला तर ती न्याहारी. एकट्या बाईनं कोरडी भाकरी चघळली तर ते शिळं. हा फरक ज्या घरात कळला, तिथं हे पुस्तक कामाला आलं असं मी समजेन.

दुसरी एक गोष्ट बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्या घरचं शिळं आपण हौसेनं फोडणी देऊन खातो, ते आपल्या मर्जीनं. याच महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या काही माणसांना दुसऱ्याच्या घरचं शिळं, कामाचा मोबदला म्हणून, दाराबाहेर उभं राहून घ्यावं लागलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं तेव्हा मराठी वाचकाला त्या जगण्याची धग पहिल्यांदा इतक्या जवळून लागली. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्यापिण्याची नोंद केली, आणि आपल्या खाद्यसंस्कृतीच्या पुस्तकांतून किती घरं वगळली गेली होती ते दाखवून दिलं. शिळ्या अन्नाचं कौतुक करताना हे विसरलं तर ते कौतुक पोकळ ठरेल. घरकामाला येणाऱ्या बाईला कालचं विटत आलेलं कालवण डब्यात भरून देणं आणि त्याला दान समजणं, हे आजही चालतं. या पुस्तकात त्याविषयी एक स्पष्ट ओळ आहे: जे आपण स्वतः जेवणार नाही, ते दुसऱ्याला द्यायचं नाही. ती ओळ ज्यांनी घातली, त्यांना माझा नमस्कार.

आरोग्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण मायेपोटी माणसं नको ते खातात. भात हे यातलं सर्वांत फसवं अन्न. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते वाढून विष तयार करतात. त्यातलं उलट्या करणारं विष पुन्हा गरम करून जात नाही. तेव्हा रात्रीचा भात झाकून ओट्यावर ठेवायचा नाही. पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकायचा, दुसऱ्याच दिवशी संपवायचा, आणि एकदाच गरम करायचा. फ्रिज नव्हते तेव्हा रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे उठल्यावर कालवणाला खळखळून उकळी द्यायची चाल होती. आजही फ्रिजमधून काढलेलं कालवण नुसतं कोमट करून न खाता तसंच उकळावं. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत आमटी एका रात्रीत विटते. तार सुटली, आंबूस वास आला, वर बारीक फेस दिसला की फोडणीनं ते झाकायला जायचं नाही. कितीही जीव तुटला तरी टाकायचं. हुरहूर वाटते, पण ती दवाखान्याच्या फेरीपेक्षा बरी.

मराठीत पाकशास्त्राच्या पुस्तकांना मोठी परंपरा आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चं. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० पासून किती नव्या सुनांना आणि परदेशी गेलेल्या मुलांना वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाक शिकवला, त्याला गणती नाही. आमच्या घरची प्रत तेलानं इतकी पिवळी झाली होती की पानं उलटताना चिकटायची. पण ही सगळी पुस्तकं भरलेल्या डब्यांपासून सुरू होतात: दोन वाट्या अमुक, पाव किलो तमुक. या संग्रहाला ती सोय नाही. प्रत्येक घरात काय उरेल, किती उरेल, त्यात मीठ-तिखट किती असेल, हे आधी कुणाला सांगता येणार? म्हणून इथं मापं कमी आणि खुणा जास्त आहेत. हाताला कसं लागलं पाहिजे, कांदा कुठवर परतायचा, पीठ किती सैल. मीठ शेवटी, चव बघून, हे जवळजवळ प्रत्येक पानावर आहे, आणि ते कंटाळवाणं वाटलं तरी पाळावं. कालच्या पदार्थात मीठ आधीच असतं, आणि फोडणीच्या भाताची बहुतेक वाट तिथंच लागते.

शेवटचं प्रकरण घरचं नाही. पेठेत आणि आसपास खोल्या घेऊन राहणारी, न्यू कॉलेजात आणि इतरत्र शिकणारी गावाकडची मुलं यात आली आहेत. पूर्वी गावाकडून एसटीनं डबा यायचा. सकाळी घरून निघालेल्या भाकरीचा अर्धा भाग दुपारी आणि अर्धा रात्री. आता मेसचा डबा असतो, पण रात्री तो उघडला की भाजी गार, चपाती वातड, हे तसंच आहे. एक शेगडी, एक कढई किंवा तवा, एक झाकण, तेल-चटणी-मीठ आणि थोडं पीठ एवढ्यावर होतील अशाच कृती या प्रकरणात घेतल्या आहेत, आणि त्या मुलांनीच करून पाहिल्या आहेत. नवख्यानं धपाट्यापासून सुरुवात करावी. डब्यातली सुकी भाजी चांगली कुस्करायची, त्यात मावेल तेवढंच ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, थोडं बेसन, तीळ आणि चटणी घालायची. पीठ भाजीच्याच ओलाव्यात मळायचं, पाणी अगदी शेवटी आणि लागलंच तर. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे बोटानं भोक पाडायचं, तव्यावर टाकून कडेनं आणि भोकात तेल सोडायचं, झाकण ठेवायचं. एक बाजू खरपूस झाली की उलटायचं, दुसऱ्या बाजूला झाकण नको.